विष, औषध आणि आपले सर
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

१९९४ च्या दहावीच्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला 'आरोग्यावर दहा मिनिटं बोल' असं सांगितलं. सकाळी चहाच्या वेळी आपल्या दोन-तीन मैत्रिणींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "डॉक्टर, ते बोटॉक्स तुमच्याकडे मिळतं का?" मी मेंदू आणि नसांच्या विकारांचा डॉक्टर. बोटॉक्स माझ्या दवाखान्यातल्या फ्रिजमध्ये असतं, पण ते प्रामुख्याने सुरकुत्यांसाठी नसतं. तेव्हा आज त्यावरच बोलतो. आणि त्यात मला एक जुनी चूकही कबूल करायची आहे.

आपण दहावीत असताना ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. बेंबळीतही सगळे घराबाहेर झोपायला लागले होते. त्याच सुमारास आपल्या एका सरांचे डोळे शिकवता शिकवता गच्च मिटायला लागले. उन्हात तर फारच. फळ्याकडे वळले की उघडायचे, आपल्याकडे वळले की मिटायचे. मग सर कानशिलावर बोट टेकवायचे आणि डोळे उघडायचे. लोक म्हणाले, भूकंपाचा धसका घेतला. आपण मुलांनी त्यांना एक नाव ठेवलं. ते नाव मी इथं घेणार नाही, पण मधल्या सुट्टीत कानशिलावर बोट ठेवून सरांची नक्कल करणारा मुलगा मीच होतो, हे तुम्हाला आठवत असेल.

सरांनी सायकल सोडली. पुढे मुदतीआधी नोकरीही सोडली. चष्मे बदलले, थेंब घातले, कोणी मनाचा आजार म्हणालं, कोणी अंगारा दिला. २००८ साली त्यांचा मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला. सर खुर्चीत बसले आणि त्यांनी कानशिलावर बोट टेकवलं. त्याक्षणी मला आजार कळला आणि माझी मलाच लाज वाटली.

या आजाराला ब्लेफॅरोस्पाझम म्हणतात. डोळे निरोगी असतात, पण पापण्या मिटणाऱ्या स्नायूंना मेंदूतून चुकीचे, जादा हुकूम येत राहतात. बोट टेकवल्यावर काही क्षण आराम पडणं ही या आजाराची ओळखीची खूण आहे. सर नाटक करत नव्हते, घाबरलेलेही नव्हते.

यावरचं औषध म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन. बोटॉक्स हे त्याच्या एका कंपनीचं नाव. जगातल्या सर्वांत जहाल विषांपैकी हे एक. लॅटिनमध्ये 'बोट्युलस' म्हणजे सॉसेज. दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीत खराब सॉसेज खाऊन माणसं दगावत होती. जस्टिनस केर्नर नावाच्या डॉक्टरने, जो कवीही होता, त्या रुग्णांच्या सविस्तर नोंदी केल्या आणि हे विष कधीतरी औषध म्हणून वापरता येईल असंही लिहून ठेवलं. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका गावात अंत्यविधीनंतरच्या जेवणात खारवलेलं डुकराचं मांस खाऊन लोक आजारी पडले. त्यातून व्हान एर्मेंगेम यांनी हे विष बनवणारा जंतू शोधला. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. अ‍ॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणासाठी सूक्ष्म मात्रेत वापरलं आणि डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणा आणि ब्लेफॅरोस्पाझम या दोन आजारांसाठी त्याला परवानगी मिळाली. म्हणजे सरांचे डोळे मिटू लागले तेव्हा औषध जगात होतं. आपल्यापर्यंत त्याची वार्ता नव्हती, इतकंच.

ते काम कसं करतं? नस स्नायूला 'आवळ' असा निरोप एका रसायनातून देते. हे औषध त्या रसायनाची वाट बंद करतं. स्नायू सैल पडतो. दोन-तीन दिवसांत फरक जाणवतो, तीन-चार महिन्यांनी नस पुन्हा जोडून घेते आणि इंजेक्शन परत द्यावं लागतं. सरांच्या प्रत्येक डोळ्याभोवती चार-पाच ठिकाणी बारीक सुईने थेंब थेंब औषध दिलं. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला, "आज पेपर वाचला रे. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत."

पक्षाघातानंतर ज्याची मूठ आवळून राहिली आहे, नखं तळव्यात रुततात, त्याची मूठ यानं सैल होते. पण सोबत व्यायाम हवाच. मेंदूच्या जन्मजात इजेमुळे टाचा टेकत नसलेली लेकरं, मान एका बाजूला पिळणं, महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस छळणारी अर्धशिशी, काखेतला अति घाम, यांतही उपयोग होतो. मात्र लुळ्या हातात यानं ताकद येत नाही. ते फक्त आवळलेलं सैल करतं. आणि स्वस्त नाही, हेही सांगतो.

आता मैत्रिणींचा प्रश्न. कॅनडातल्या कॅरुथर्स दांपत्यापैकी पत्नी डोळ्यांच्या डॉक्टर, पती त्वचेचे. डोळ्यांसाठी इंजेक्शन घेणाऱ्या बाईच्या कपाळावरच्या आठ्या गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. हौस असेल तर जरूर करा. पण त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडेच करा, बाटली आपल्यासमोर फ्रिजमधून काढायला सांगा. पार्लरमध्ये सुई टोचून घेऊ नका. चुकीच्या जागी गेलं तर पापणी काही आठवडे लोंबते. गरोदरपणात नको, मायस्थेनिया असेल तर नको. आणि पार्लरमधल्या 'हेअर बोटॉक्स'मध्ये हे औषध नसतंच, तो केसांचा लेप आहे. नावाला फसू नका.

शेवटचं, आणि आजी-आजोबा होऊ घातलेल्यांनी नीट ऐका. या जंतूची बीजं मातीत असतात, मधातही असू शकतात. मोठ्यांना त्यानं काही होत नाही. पण वर्षाच्या आतल्या लेकराच्या आतड्यात ती रुजून तिथंच विष तयार करू शकतात. आधी बद्धकोष्ठ होतं, मग रडणं क्षीण होतं, दूध ओढवत नाही, मान टाकतं. तेव्हा बाळंतविड्यात मधाची बाटली ठेवू नका, आणि वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध चाटवू नका. शुद्ध असो, घरचा असो, कोणाचाही असो.

आपले सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांना विचारूनच मी हे सांगितलं. सर, तुमची नक्कल केली त्याबद्दल इतक्या वर्षांनी सगळ्यांसमोर माफी मागतो. घरी मागितली होती तेव्हा तुम्ही म्हणालात, "मला मिटल्या डोळ्यांनीही कळत होतं कोण करतंय ते."

जेवणानंतर मी नववीच्या जुन्या वर्गात बसणार आहे. कोणाच्या घरी असा आवळलेला हात, पिळलेली मान, मिटणारे डोळे असतील, तर कागद घेऊन या. कागद नसतील तरी या.