विरजण मागायला दार वाजवा



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. आमच्या समोरच्या घरात एक मावशी एकट्या राहतात. एका सकाळी त्यांच्या दाराला दुधाची पिशवी लटकलेली दिसली. मी भाजीला निघाले होते. मनात म्हटलं, गावाला गेल्या असतील. परत आले, तरी पिशवी तिथंच. तेव्हा कुठे बेल वाजवली, तर आतून बारीक आवाज आला. मावशी पहाटे बाथरूममध्ये घसरून पडल्या होत्या. चावीवाल्याला बोलावून दार उघडेपर्यंत दुपार झाली. त्यांच्या मुलीचा नंबर आमच्या मजल्यावर एकीकडेही नव्हता. आणि शेजार किती वर्षांचा? सहा!

मावशी आता बऱ्या आहेत. मला मात्र ती पिशवी अजून डोळ्यांसमोर दिसते.

मी चाळीत वाढले. तिथं कुणाचं दूध दाराबाहेर राहिलं, तर पाच मिनिटांत गॅलरीभर चौकशी व्हायची. त्या बायका आपल्यापेक्षा प्रेमळ होत्या असं नाही, नळावर कचाकचा भांडायच्याही. पण गॅलरी एक, नळ एक, दारं दिवसभर उघडी. भेटल्यावाचून दिवस सरतच नसे.

मुंबईच्या बीडीडी चाळी शंभर वर्षांच्या. तिथली खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. २०२५ मध्ये वरळीच्या चाळींतल्या पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. फार चांगलं झालं. घरातल्या संडासाची किंमत बाईलाच ठाऊक! पण चाळ जे काम आपोआप करायची, ते फ्लॅटमध्ये आपल्याला ठरवून करावं लागतं.

कसं करायचं? "काही लागलं तर सांगा" म्हटलं, की समोरची "हो हो" म्हणते आणि कधीच काही सांगत नाही. कुणाला ओझं व्हायला आवडतं? म्हणून मी उलट केलं. मावशींकडे वाटी घेऊन विरजण मागायला गेले. त्यांचा चेहरा खुलला. आपण अजून कुणाच्या उपयोगी पडतो, हे त्यांना बरं वाटलं असावं. आणि वाटी रिकामी परत करायची नाही, ही तर आपली रीत. मी भरली वांगी दिली, त्यांच्याकडून लिंबाचं लोणचं आलं. वाटी अजून फिरतेच आहे. आज त्यांची जादा किल्ली माझ्याकडे असते, माझी त्यांच्याकडे.

शेवटी एक कबुली देते. त्यांचे यजमान नाहीत, म्हणून सहा वर्षं मी त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. यंदा संक्रांतीला पहिलं वाण त्यांनाच दिलं.

तुमच्या समोरचं दार कुणाचं आहे? आज संध्याकाळी वाटी घेऊन जा. घरात विरजण असलं तरी जा.