संकटातील बळ : चांगीचा दाखला

ख्रिस्ती धर्मात देवावर भिस्त ठेवणे म्हणजे संकट टळण्याची हमी मिळवणे नव्हे. नव्या कराराच्या गाभ्याशीच एक मान्य न झालेली प्रार्थना आहे. गेथशेमाने बागेत, अटकेच्या आदल्या घटकेला, येशूने पुढ्यातला दुःखाचा प्याला दूर व्हावा असे मागितले आणि लगेच पित्याच्या इच्छेपुढे मान तुकवली. वधस्तंभ काही चुकला नाही. प्रेषित पौलाचेही तसेच झाले. शरीरात रुतलेला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा तिथेच राहिला. उत्तर मिळाले ते एवढेच, की कृपा पुरेशी आहे आणि दुबळेपणातच सामर्थ्य पूर्णत्वाला जाते. तो काटा कसला होता, हे पौल सांगत नाही. त्यामुळे पुढच्या प्रत्येक पिढीला आपापले दुखणे त्या जागी ठेवता आले.

म्हणजे मागणे सुटकेचे असू शकते, पण आश्वासन आहे ते सोबतीचे आणि सहन करण्याच्या बळाचे. वाचताना हे सोपे वाटते. अंगावर बेतते तेव्हा या शिकवणीचे काय होते, याचा एक चांगला नोंदलेला दाखला सिंगापूरच्या पूर्व भागात आहे. तिथले टॅम्पिनीस आज उंच इमारतींचे, बाजारपेठांचे, दोन लाखांहून अधिक वस्तीचे नगर आहे. अनेक भारतीय कुटुंबे तिथे राहतात. डाउनटाउन मार्गावरच्या मेट्रोने टॅम्पिनीस ईस्ट सोडले की पुढचे स्थानक अपर चांगी. तिथून जवळच चांगीचे प्रार्थनामंदिर आणि संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टॅम्पिनीस म्हणजे एक खेड्यातला रस्ता आणि आजूबाजूची शेतवाडी होती. आणि शेजारच्या चांगीत ब्रिटिशांच्या मोठ्या लष्करी बराकी होत्या.

15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूर जपानी सैन्याच्या हाती पडले. दोनच दिवसांनी सुमारे पन्नास हजार ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सैनिक पायी चांगीकडे निघाले. हिंदी सैनिकांना त्यांच्यापासून वेगळे काढून फॅरर पार्कच्या मैदानावर जमवण्यात आले. युरोपीय नागरिकांना चांगीच्या तुरुंगात डांबले. सुमारे सहाशे कैद्यांसाठी बांधलेल्या त्या तुरुंगात तीन हजारांच्या आसपास माणसे राहू लागली, त्यांत बायका आणि लहान मुलेही होती. पुढे हजारो युद्धकैद्यांना सयाम आणि ब्रह्मदेश जोडणाऱ्या रेल्वेच्या कामावर नेले. तिथे पटकी, आमांश, उपासमार आणि मारहाण यांनी दोस्तराष्ट्रांचे बारा हजारांहून अधिक कैदी मेले. आशियाई मजूर त्याच्या कितीतरी पट मेले, आणि त्यांची नावेही नीट नोंदली गेली नाहीत.

चांगीच्या छावणीत उपासना पहिल्यापासून सुरू झाली. एरिक कॉर्डिंग्ली या लष्करी पाद्रींनी छावणीतली एक रिकामी मशीद उपासनेसाठी वापरायला घेतली. वेदीवर ठेवायला क्रूस हवा होता. हॅरी स्टॉगडेन नावाच्या सार्जंटने तोफगोळ्याच्या पितळी कवचातून तो घडवला. माणसे मारायला ओतलेल्या धातूचा हा क्रूस कॉर्डिंग्लींनी रेल्वेच्या कामावरच्या छावण्यांतही बरोबर नेला. तो आज संग्रहालयात पाहायला मिळतो. कैद्यांनीच उभारलेले एक कॅथलिक प्रार्थनामंदिर युद्धानंतर सुटे करून ऑस्ट्रेलियात नेण्यात आले आणि 1988 साली कॅनबेरात डंट्रून येथे पुन्हा उभे राहिले.

पण चांगीच्या श्रद्धेची सर्वांत बोलकी खूण भिंतीवर आहे. स्टॅन्ली वॉरन हा तोफखान्यातला बॉम्बार्डियर. आमांश आणि मूत्रपिंडाच्या विकाराने तो इतका खचला, की रॉबर्ट्स बराकीतल्या इस्पितळात त्याच्या जगण्याची आशा फारशी उरली नव्हती. इस्पितळाच्या तळमजल्यावर, इमारत क्रमांक 151 मध्ये, संत लूक यांच्या नावाचे छोटे प्रार्थनामंदिर होते. वॉरन चित्रकार आहे हे कळल्यावर पाद्रींनी त्याला तिथल्या भिंती रंगवायची विनंती केली. अंगात उभे राहण्याचे त्राण नव्हते. पंधरा मिनिटे रंगवावे, मग बसावे, पुन्हा उठावे असे काम चाले. रंग दुकानात मिळण्यासारखे नव्हतेच. सोबत्यांनी जोखीम पत्करून वाहनांवर फासायचा तपकिरी लष्करी रंग, थोडा किरमिजी, थोडा पांढरा असे मिळवून दिले. निळ्यासाठी सापडले ते बिलियर्डच्या काठीच्या टोकाला लावायच्या खडूचे चौकोनी तुकडे. निळा थोडाच असल्यामुळे तो जपून वापरावा लागला, आणि चित्रांना ठसठशीत रेषांचा, मोजक्या रंगांचा घाट आला. सप्टेंबर 1942 ते मे 1943 या काळात पाच भित्तिचित्रे झाली: ख्रिस्तजन्म, शेवटचे भोजन, वधस्तंभ, स्वर्गारोहण आणि बंदिवासातला संत लूक. पहिले चित्र त्या वर्षीच्या नाताळापर्यंत तयार होते.

या चित्रांत शत्रूविषयी कडवटपणा नाही. ख्रिस्तजन्माच्या चित्राचा विषय साऱ्या मानवजातीला शांती हा आहे, आणि वधस्तंभाच्या चित्राखाली येशूने मारेकऱ्यांसाठी केलेली क्षमेची प्रार्थना आहे. ही चित्रे भरल्या पोटी, युद्ध जिंकल्यावर काढलेली नाहीत. पहारेकरी दाराबाहेर असताना ती काढली, हे विसरता कामा नये. वॉरन आजारी असल्यामुळे रेल्वेच्या कामावर गेला नाही आणि जगला. त्याचे कितीतरी सोबती गेले आणि परतले नाहीत.

पुढे त्या प्रार्थनामंदिराच्या खोलीचे कोठार झाले, भिंतींवर रंगाचा हात फिरला. एका भिंतीत दार फोडले तेव्हा संत लूकच्या चित्राचा खालचा भाग गेला. 1958 साली तिथल्या ब्रिटिश हवाई दलाच्या माणसांना ती चित्रे पुन्हा सापडली. चित्रकाराचा शोध घेतला तेव्हा तो लंडनच्या एका शाळेत कला शिकवत होता. बंदिवासाच्या आठवणी इतक्या जड होत्या, की परत यायला तो आधी तयारच नव्हता. अखेर 1963, 1982 आणि 1988 अशा तीन वेळा येऊन त्याने आपल्याच हातांनी चित्रे दुरुस्त केली. देवावर भिस्त ठेवणाऱ्याच्या जखमा नाहीशा होतात असे नाही, ही गोष्ट वॉरनच्या या दीर्घ नकारातून दिसते, आणि ती लपवण्याचे कारण नाही.

दुसरा दाखला बिशप लेनर्ड विल्सन यांचा. 1941 साली ते सिंगापूरचे अँग्लिकन बिशप झाले. शहर पडल्यावरही सुमारे वर्षभर त्यांना मोकळे राहून काम करता आले, ते ओगावा नावाच्या एका जपानी अधिकाऱ्यामुळे. तो स्वतः ख्रिस्ती होता. मार्च 1943 मध्ये मात्र त्यांची रवानगी चांगीच्या तुरुंगात झाली. सप्टेंबरच्या अखेरीस ऑस्ट्रेलियाहून आलेल्या एका छुप्या तुकडीने सिंगापूरच्या बंदरातली जपानी जहाजे उडवली. तुरुंगातल्या नागरिकांनीच हेरगिरी केली असा संशय केंपेताई या लष्करी पोलिसांनी घेतला आणि 10 ऑक्टोबरला तुरुंगावर धाड घातली. एकूण 57 जणांना नेले, त्यांतले 15 मेले. कोठड्यांत माणसे दाटीवाटीने कोंबलेली होती, आणि पिण्याचे पाणी शौचकूपातलेच. विल्सन यांना अनेक दिवस बांधून मारले. सुमारे आठ महिन्यांनी ते परत छावणीत आले.

ऑक्टोबर 1946 मध्ये बीबीसीवरून दिलेल्या प्रवचनात त्यांनी हा अनुभव सांगितला. देवावर अजून विश्वास आहे का, असे मारणाऱ्यांनी विचारले. त्यांनी होकार दिला. मग देव तुला का सोडवत नाही, असा पुढचा प्रश्न आला. तो सोडवतो आहे, वेदनेतून नव्हे, पण वेदना सोसण्याची शक्ती देऊन, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. या प्रवचनातला सर्वांत मोलाचा भाग याच्यापुढे आहे. यांना क्षमा कर, असे शब्द त्यांनी पुटपुटले खरे, पण ते मनापासून आहेत की नुसतेच तोंडदेखले, अशी शंका त्यांना त्याच क्षणी आली. भोवतालचे चेहरे क्रूर होते, काहींना तर मारण्यात मजा वाटत होती. मग ही माणसे एकेकाळी लहान मुले असतील, आईबापांच्या अंगाखांद्यावर खेळली असतील, असे त्यांनी डोळ्यांपुढे आणले. लहान मुलांचा द्वेष करणे अवघड जाते. तेवढेही पुरले नाही. तेव्हा उपासनेत अनेकदा म्हटलेल्या एका गीताचे शब्द आठवले, आणि ही माणसे पुढे काय होऊ शकतील ते दिसू लागले. मनाची ही पायरी-पायरीची धडपड त्यांनी मुद्दाम उघड केली. बळ एकदम आकाशातून उतरले असे ते म्हणत नाहीत. वर्षानुवर्षे रविवारी तोंडपाठ झालेले त्या वेळी हाताशी आले, असे त्यांच्या सांगण्यावरून दिसते. युद्धानंतर त्यांना छळणाऱ्यांपैकी एक जण ख्रिस्ती झाला आणि त्याला दृढीकरणाचा विधी विल्सन यांनीच दिला.

त्याच प्रकरणात एलिझाबेथ चॉय या सिंगापूरच्या शिक्षिकेला पकडले. त्या आणि त्यांचे पती एका इस्पितळात उपाहारगृह चालवत आणि कैद्यांना औषधे, पैसे, निरोप पोहोचवत. चॉय यांना नोव्हेंबर 1943 पासून सुमारे दोनशे दिवस कोठडीत ठेवले, विजेचे झटके दिले. युद्ध संपल्यावर, कोणाला फाशी व्हावी असे वाटते, या प्रश्नावर त्यांनी नाव द्यायला नकार दिला. दोष युद्धाचा आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. पुढे त्या विधान परिषदेत गेल्या आणि अंध मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या.

या कथा सांगताना एक धोका असतो. श्रद्धा होती म्हणून माणसे वाचली, असा हिशेब मांडला जातो. तो खोटा आहे. कोठडीत मेलेल्या पंधरा जणांची किंवा रेल्वेमार्गावर पुरलेल्यांची प्रार्थना उणी पडली, असे कोणी म्हणू शकत नाही. काहींची श्रद्धा त्या छावण्यांत मोडलीही. ख्रिस्ती शिकवणीत अशा मोडलेल्या मनालाही जागा आहे: स्तोत्रसंहितेत आनंदाच्या स्तोत्रांइतकीच विलापाची स्तोत्रे आहेत, आणि देवाने पाठ का फिरवली असा उघड सवाल त्यांत आहे. वधस्तंभावरून येशूने तोच सवाल उच्चारला. तक्रार हीसुद्धा देवावर भिस्त ठेवण्याचीच एक रीत आहे, कारण जो ऐकतच नाही त्याच्याकडे कोणी गाऱ्हाणे नेत नाही.

मराठी मुलुखात संकटातही देवावर भिस्त ठेवण्याची हीच वाट पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. दुष्काळाच्या वणवणीत त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती तोच 1882 मध्ये पती बिपिनबिहारी पटकीने गेले. तेव्हा पदरी तान्ही मनोरमा होती. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुली गोळा करून घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात एका काळी दोन हजारांच्या आसपास माणसे राहत होती. रमाबाईंची भिस्त हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. त्यांनी विहिरी खोदल्या, शेती केली, मुलींना छापखान्याचे काम शिकवले. 1921 च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्याचे त्यांचे काम तेव्हा चालूच होते. ते पुरे करून 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला.

आजच्या टॅम्पिनीसमध्ये संकटे वेगळ्या जातीची आहेत. नोकरी जाणे, घरातले दीर्घ आजारपण, मायदेशी एकटे राहणारे म्हातारे आईवडील. टॅम्पिनीस स्ट्रीट 11 वर होली ट्रिनिटी हे कॅथलिक चर्च आहे, आसपास इतर पंथांची चर्चेही आहेत. संकटात बळ मिळावे म्हणून चर्चकडे असलेली साधने मात्र जुनीच आहेत: एकत्र प्रार्थना, घरी अंथरुणाला खिळलेल्याकडे नेलेले प्रभुभोजन, पाठ केलेली स्तोत्रे, आणि आजाऱ्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करण्याचा विधी. कॅथलिक पंथात या शेवटच्या विधीकडे पूर्वी मरणाची तयारी म्हणून पाहत असत आणि पाद्रींना अगदी शेवटच्या घटकेला बोलावत. 1962 ते 1965 या काळातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तो आजाऱ्यांचा विधी आहे असे स्पष्ट केले, आणि तेव्हापासून गंभीर दुखणे सुरू होताच किंवा मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधीही तो मागता येतो.