पंगत, प्रतिष्ठा आणि प्रमाण

(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सभागृहाच्या मागील बाजूस भोजनाची मांडणी चालू असताना आहाराच्या प्रमाणाविषयी बोलावयास उभे राहणे औचित्याला धरून नाही, असे आपणांपैकी काहींना वाटेल. परंतु आम्ही हा विषय जाणूनबुजून आजच्या दिवशी निवडला आहे. आज ऑक्टोबरचा महिना आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे हे भोजन आटोपले की दिवाळीनिमित्त शेजाऱ्यांची व सहकाऱ्यांची आमंत्रणे सुरू होतील. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग येईल. मग कचेरीतील मेजवान्या, नाताळ आणि नववर्षाचे स्वागत. पुढे १४ एप्रिलची जयंती, सुजाताच्या खिरीची आठवण देणारी बुद्धपौर्णिमा आणि उन्हाळ्यातील सहली आहेतच. या देशात आपले सामाजिक जीवन बव्हंशी शनिवार-रविवारच्या भोजनांभोवती गुंफलेले आहे.

सणासुदीत वाढलेले वजन पुढे आपोआप उतरते, अशी समजूत सर्वत्र आढळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी ती तपासून पाहिली. १९५ प्रौढ व्यक्तींच्या वजनांची नोंद ठेवून त्यांनी आपला निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध केला. थँक्सगिव्हिंग ते नववर्ष या काळात सरासरी वाढ केवळ ०.३७ किलोची, म्हणजे एक पौंडाहूनही कमी होती. लोकांना स्वतःला मात्र ती याहून पुष्कळ अधिक वाटत होती. हे ऐकून कोणी निश्चिंत होईल, म्हणून पुढचा भागही सांगतो. ही अल्प वाढ पुढील वसंतात वा उन्हाळ्यात उतरली नाही. एका वर्षाची वाढ डोळ्यांत भरत नाही. वीस वर्षांची मात्र पोटावर दिसते आणि रक्ताच्या तपासणीतही दिसते.

येथपर्यंतची गोष्ट सर्व अमेरिकनांची झाली. आपली गोष्ट दोन कारणांनी निराळी आहे. त्यांतील एक कारण इतिहासातले आहे आणि दुसरे शरीरातले.

इतिहासाचे कारण प्रथम पाहू. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' या ग्रंथात जयपूर संस्थानातील चकवारा या गावची हकीकत नमूद केली आहे. तेथील एका अस्पृश्य गृहस्थाने तीर्थयात्रेहून परतल्यावर आपल्या ज्ञातिबांधवांना भोजन दिले. पंगत बसलेली असतानाच गावातील सवर्ण शेकडोंच्या संख्येने लाठ्या घेऊन चालून आले. त्यांनी अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना झोडपून काढले. अपराध एवढाच होता की पानात तूप वाढले होते. तूप ही वरच्यांची वस्तू. ती ऐपत असतानाही तुम्ही खाता कामा नये, हा त्या मारहाणीचा अर्थ होता.

आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला शिळे तुकडे आणि गावकीची भाकरी आली. १९७२च्या दुष्काळात आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, तेथे मिळालेली सुकडी खाल्ली आणि याच अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी थापल्या. ज्यांच्या घरी कोणी पाणी पीत नसे, त्या घरांतील मुले आज येथे डॉक्टर, अभियंते आणि प्राध्यापक आहेत. त्यांच्या स्वयंपाकघरात तुपाची भली मोठी बरणी आहे. पाहुण्याच्या ताटात दोनदा मटण वाढण्याची ऐपत आहे. "भाऊ, अजून एक घ्या", "ताई, एवढ्यात ताट उचललेत?" या आग्रहात केवळ शिष्टाचार नसतो. आमच्या घरात आता उणे नाही आणि आमच्या हातचे आपण खाता याचा आम्हांला आनंद आहे, एवढे सारे त्या एका वाढपात असते.

म्हणूनच या देशातील आहारतज्ज्ञांचा 'नको म्हणावयास शिका' हा उपदेश आपल्या घरांत फळत नाही. ज्या समाजाच्या हातचे अन्न शतकानुशतके नाकारले गेले, त्या समाजातील यजमानाला 'नको' हा शब्द इतरांहून अधिक लागतो. वजनाचा प्रश्न सोडविण्यासाठी पंगत मोडावी, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. सहभोजन हे समतेचे साधन आहे. ते राखून ताटाचे प्रमाण कसे बदलावे, एवढाच आपला प्रश्न आहे.

आता शरीराचे कारण. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो. मूल हाडापेराने व स्नायूंनी बारीक असले तरी चरबी मात्र त्याने त्या मानाने राखून ठेवलेली होती. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजेच बी.एम.आय., दोघांचाही २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के होती. काटा सारखा आणि देह निराळा, असा हा प्रकार आहे.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, या देशात भिंतीवर टांगलेला वजनाचा तक्ता आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. सर्वसाधारण अमेरिकनासाठी २५ हा निर्देशांक धोक्याची खूण मानतात. आशियाई वंशाच्या व्यक्तींची मधुमेहासाठी तपासणी २३ पासूनच करावी, अशी शिफारस अमेरिकन मधुमेह संघटनेने २०१५ साली केली. साडेपाच फूट उंचीच्या मनुष्याचा हिशेब पाहा. सामान्य तक्त्यानुसार त्याला सुमारे १५५ पौंडांपर्यंत काळजी नाही. आपल्या हिशेबाने मात्र १४२ पौंडांनाच सावध व्हावयास हवे. कमरेच्या घेराची मर्यादा भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर मानलेली आहे. घरातील शिंप्याची फीत यासाठी पुरेशी आहे.

हा धोका काल्पनिक नाही. शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातील दक्षिण आशियाई वंशाच्या ९०६ प्रौढांचा 'मसाला' नावाचा अभ्यास २०१० साली सुरू झाला. त्यांच्यात वयाचा हिशेब धरून मधुमेहाचे प्रमाण २३ टक्के आढळले. तुलनेसाठी घेतलेल्या गोऱ्या अमेरिकनांत ते ६ टक्के होते. आपल्याला तर याची जाणीव अधिक असावयास हवी. प्रत्यक्ष बाबासाहेबांना मधुमेहाने वर्षानुवर्षे गांजले होते. दीक्षेनंतर दोन महिने पूर्ण होण्याच्या आतच, ६ डिसेंबर १९५६ रोजी ते आपल्यातून गेले. त्यांच्या काळी औषधे तोकडी होती आणि कामाचा डोंगर होता. आपल्याजवळ औषधेही आहेत आणि ज्ञानही आहे.

मग करावे काय? या प्रश्नाचे एक उत्तर अडीच हजार वर्षांपूर्वीचे आहे. संयुत्त निकायातील कोसल संयुत्तात राजा पसेनदीची कथा आहे. राजा एका वेळेस द्रोणभर भात खात असे. असाच भरपेट जेवून, धापा टाकीत तो भगवंतांच्या भेटीस आला. भगवंतांनी त्याची निंदा केली नाही किंवा त्याला उपवासही सांगितला नाही. भोजनात मात्रा जाणणाऱ्या मनुष्याच्या वेदना कमी होतात आणि तो सावकाश म्हातारा होतो, अशा आशयाची एक गाथा त्यांनी म्हटली. राजाच्या पाठीमागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. ती गाथा पाठ करून आपल्या प्रत्येक भोजनाच्या वेळी म्हणावी, असे राजाने त्याला सांगितले आणि त्यासाठी रोज शंभर कहापण देऊ केले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला आणि त्याचा देह हलका झाला.

या कथेत तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. सूचना नेमकी भोजनाच्या वेळी मिळाली. बदल एकदम न होता क्रमाक्रमाने झाला. आणि राजा एकटा राहिला नाही, त्याला एका सोबत्याचे साहाय्य होते. आधुनिक विज्ञान याच मार्गाने गेले आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या अमेरिकन प्रयोगात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले ३,२३४ लोक होते. त्यांतील एका गटाला मार्गदर्शक नेमून दिले. वजन ७ टक्के उतरविणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करणे, एवढेच ध्येय ठेवले. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन या औषधाने ते ३१ टक्क्यांनी घटले. पुढे या धर्तीचे वर्ग देशभर सुरू झाले. २०१८ पासून मेडिकेअर योजनेतूनही पात्र ज्येष्ठांना त्यांचा लाभ मिळतो. रक्तातील साखरेच्या अटीबरोबर तेथे निर्देशांकाची अट आहे आणि आशियाई वंशाच्या व्यक्तींसाठी ती २३च आहे. आपल्या ज्येष्ठांनी डॉक्टरांना याविषयी अवश्य विचारावे.

आता आपल्या कार्यक्रमांसाठी आणि घरांसाठी काही सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली सूचना मेजाच्या मांडणीची. पॉटलकच्या वेळी प्रत्येक कुटुंब आपला उत्तम पदार्थ आणते आणि उत्तम म्हणजे बहुधा तळलेला किंवा गोड असे आपण मानतो. परिणामी मेजावर चार प्रकारचा भात, तीन मिठाया आणि एक केविलवाणी काकडी असते. कोणी काय आणावयाचे हे आधी ठरवावे. कोशिंबीर, मोड आलेली मटकी, पालेभाजी आणि वरण मेजाच्या आरंभी असावे. भात व पुरी त्यानंतर. गोड पदार्थ एकच. ज्वारीचे पीठ आता येथील भारतीय दुकानांतून मिळते. भाकरी, ठेचा, अंबाडीची भाजी आणि हुलग्याचे माडगे हे आपल्या आयांचे अन्न आहे. ते दारिद्र्याची खूण म्हणून लपविण्याचे कारण नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या ग्रंथात मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली, तीही अभिमानानेच.

दुसरी सूचना पेयांची. बाटल्यांतील गोड पेयाच्या ३५५ मिलिलिटरच्या एका डब्यात सुमारे ३९ ग्रॅम, म्हणजे नऊ-दहा चमचे साखर असते. अमेरिकन हृदय संघटनेने स्त्रियांसाठी दिवसाची मर्यादा २५ ग्रॅम आणि पुरुषांसाठी ३६ ग्रॅम सांगितली आहे. एका डब्यात दिवसाचा हिशेब संपतो. समारंभात पाणी, ताक आणि बिनसाखरेचा चहा ठेवावा. मद्याविषयी आपल्याला पाचवे शील पुरेसे आहे. तरीही ज्यांना हिशेबच हवा, त्यांनी मद्यार्काच्या प्रत्येक ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात हे लक्षात ठेवावे.

तिसरी सूचना आग्रहाची. ती आपण सोडू नये, तिचे रूप बदलावे. पहिल्यांदा प्रेमाने वाढावे, दुसऱ्यांदा विचारावे, तिसऱ्यांदा डबा भरून द्यावा. पाहुण्याने "वहिनी, उद्यासाठी बांधून द्या" असे म्हटले तर यजमानाचा मान राहतो आणि पाहुण्याचे पोटही.

चौथी सूचना वेळेची. रात्री मेजवानी आहे म्हणून दिवसभर उपाशी राहणे हितकारक नाही. भुकेला मनुष्य मात्रा विसरतो. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी तर असा उपवास धोक्याचा आहे. जेवणानंतर भाषणे ऐकत बसण्याऐवजी सर्वांनी मिळून पंधरा मिनिटे चालून यावे. रक्तातील साखर आटोक्यात राहण्यास त्याची मदत होते. भाषणे जेवणापूर्वी उरकावीत. आज आम्ही तेच करीत आहोत.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. चारचौघांत कोणाच्याही देहाविषयी शेरा मारू नये. "केवढी जाड झालीस!" हे वाक्य आपण आपुलकीने उच्चारतो, परंतु ते ऐकणारी मुलगी पुढील कार्यक्रमाला येत नाही. ज्या समाजाने अवहेलना सोसली, त्याने आपल्याच लेकरांना देहावरून हिणवावे हे शोभत नाही. भगवंतांनी राजालाही हिणविले नव्हते. कोणाला प्रयत्न करूनही वजन उतरत नसेल, तर तो आळशी आहे असे समजू नये. अनुवंश, औषधे, झोप आणि कामाच्या पाळ्या यांचाही त्यात वाटा असतो. वजन उतरविणारी नवी परिणामकारक औषधेही आता निघाली आहेत. ती घ्यावीत की नाही हे शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे.

बंधू-भगिनींनो, चकवाऱ्याच्या त्या यजमानाला आपल्या पाहुण्यांच्या पानात तूप वाढण्याचा हक्क हवा होता. तो हक्क आज आपल्या हाती आहे आणि आपण तो कोणाच्याही भयाने सोडणार नाही. किती वाढावे आणि किती खावे हे ठरविण्याचा अधिकारही त्याच हक्काचा भाग आहे. पूर्वी तो दुसऱ्यांनी लाठीच्या बळावर आपल्यासाठी ठरविला. आज तो आपण प्रज्ञेने स्वतःसाठी ठरवू या. आपल्या मुलांनी आजी-आजोबांच्या शेजारी बसून आणखी पुष्कळ जयंत्या साजऱ्या कराव्यात, एवढीच आमची इच्छा आहे.

भोजन तयार असल्याची खूण झाली आहे. कोशिंबीर मेजाच्या आरंभी ठेवली आहे, याची सर्वांनी कृपया नोंद घ्यावी.

नमो बुद्धाय. जय भीम.