पेटीत काय आहे?

(सोलापुरात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आफ्रिकेतल्या शांततेवर बोल, म्हणालात. मी मॅट्रिक. गोदीत हमाली करतो, कविता लिहितो. शांतता परिषदांचं मला काही कळत नाही. माल कळतो. तेव्हा मालाचंच बोलतो.

एप्रिल २००८. 'आन यूए जियांग' नावाचं चिनी जहाज दक्षिण आफ्रिकेच्या डर्बन बंदराबाहेर येऊन थांबलं. पोटात सुमारे तीस लाख काडतुसं, रॉकेटं, मॉर्टरचे गोळे. माल झिंबाब्वेच्या फौजेचा. झिंबाब्वेला समुद्र नाही, म्हणून माल दुसऱ्याच्या धक्क्यावर उतरणार. तिथं २९ मार्चला निवडणूक झालेली. अध्यक्षपदाचा निकाल दाबून ठेवलेला. मुगाबेच्या विरोधात मत दिलं म्हणून गावंच्या गावं बडवली जात होती.

दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं परवाना दिला. कागद एकदम चोख. पण 'सटावू' ही वाहतूक कामगारांची युनियन म्हणाली, आम्ही हा माल उतरवणार नाही, आमचे ड्रायव्हर तो वाहणार नाहीत.

हे नुसत्या कामगारांनी झालं असं समजू नका. बिशप रुबिन फिलिप कोर्टात गेले. मानवी हक्कांचे वकील सोबत उभे राहिले. १८ एप्रिलला कोर्टानं हुकूम दिला, ही हत्यारं देशातून न्यायची नाहीत. जहाजानं नांगर उचलला. वाहतूक कामगारांच्या जागतिक महासंघानं पुढच्या बंदरांतल्या युनियन जाग्या केल्या. अंगोलानं लुआंडाच्या धक्क्यावर बाकीचा माल उतरवू दिला, हत्यारांना परवानगी दिली नाही.

मग झिंबाब्वेत मारहाण थांबली? नाही थांबली. आपली माणसं मरतायत म्हणून जूनच्या फेरनिवडणुकीतून त्स्वांगिराईनं माघार घेतली. एक जहाज अडवून राज्य उलटत नाही, हे मान्य. पण मारणाऱ्याला आपला खांदा द्यायचा की नाही, हे त्या धक्क्यावर ठरलं.

आमच्या इथं एका पोरानं मुकादमाला विचारलं, पेटीत काय हाय? मुकादम म्हणाला, तुला उचलायचे पैसे मिळतात, वाचायचे नाही. दुसऱ्या दिवशी त्याची पाळी गेली. बाकी आम्ही पन्नास जण तोंड शिवून उभे. डर्बनमध्ये पन्नासांच्या मागं युनियन होती, युनियनच्या बाजूला वकील होता. फरक एवढाच.

कुणी म्हणेल, आफ्रिकेचं सोलापूरला काय? अरे, १९३० साली याच शहरानं मार्शल लॉ सोसलाय. बंदूक आपल्याच गल्लीत फिरली की काय होतं, हे इथल्या म्हाताऱ्यांनी पोरांना सांगितलंय. याच सोलापूरचे डॉक्टर कोटणीस १९३८ ला चीनच्या जखमी सैनिकांसाठी गेले आणि १९४२ ला तिथंच मेले. त्यांनी विचारलं नाही, चीनचं मला काय.

आणि २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या देशातल्या अकरा मोठ्या बंदरांतल्या कामगारांच्या महासंघानं जाहीर केलं, गाझावर डागायला जाणारी हत्यारं आम्ही भरणार नाही, उतरवणार नाही. म्हणजे आपल्यालाही हे जमतं.

तुमच्यातले किती जण गोदामात, ट्रान्सपोर्टमध्ये, कुरिअरमध्ये राबतात? आधी युनियनचं कार्ड काढा. कायदा शिकलेल्या एखाद्या पोराला जवळ करा. बंदराबंदरातले फोन नंबर लिहून ठेवा. ही तयारी जहाज लागायच्या आधी झाली पाहिजे. जहाज लागल्यावर वेळ नसतो.