कळवणाऱ्याचा मान



कार्यक्रमपत्रिकेत ‘टाळता येणाऱ्या रोगांच्या साथींचा माग’ असा भारदस्त विषय छापलाय. मला मात्र त्यातली एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. साथीचा माग कळवणाऱ्या माणसामुळे लागतो. त्याचा मान राखला नाही, तर नकाशे, रजिस्टरं, प्रयोगशाळा सगळं असून नसल्यासारखं.

देवी कशी गेली हे तुम्ही जाणताच. जेन्नर, त्यांची लस, 1980 ची देवी-निर्मूलनाची घोषणा, यात वेळ घालवत नाही. साठी उलटलेल्यांच्या दंडावर तो इतिहास लिहिलेलाच आहे. (हशा) थेट बांगलादेशात जाऊ.

1970 च्या ऑगस्टनंतर तिथे देवी दिसेनाशी झाली होती. मग बांगलादेशाचं मुक्तियुद्ध झालं, लाखो निर्वासित भारतात आले. कलकत्त्याजवळच्या सॉल्ट लेक छावणीत देवीचे रोगी होते, पण कांजिण्या म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं. 1972 मध्ये माणसं घरी परतली, देवीही परतली. पुढे 1974 चा पूर आला आणि 1975 च्या सुरुवातीला ढाक्यातल्या झोपडपट्ट्या पाडल्या गेल्या. माणसं पांगली, तसा रोगही पांगला.

अशा देशात घरोघर सगळ्यांना गाठायचं कसं? डॉ. विल्यम फेगी यांनी 1966 मध्ये पूर्व नायजेरियात लशीचा तुटवडा असताना वाट काढली होती. रोगी शोधायचा आणि त्याच्याभोवतीच्या माणसांना लस टोचून कडं करायचं. पण रोगी आहे कुठे? म्हणून पथकं बाजारांत, शाळांत जायची. देवी आलेल्या मुलाचा फोटो दाखवून विचारायची, “असं कुणी पाहिलंय का?” खबर देणाऱ्याला रोख बक्षीस असायचं. आपल्याकडेही 1975 मध्ये हे बक्षीस हजार रुपयांवर गेलं होतं. बरोबर, मागे आजोबा मान डोलावताहेत.

आता भोला बेटावर या. 1975 च्या नोव्हेंबरात बांगलादेशातली देवी संपल्याचं जाहीर झालं आणि पाठोपाठ तार आली. कुरालिया गावात रोगी आहे! रहिमा बानू, जेमतेम तीन वर्षांची. अंगावर पुरळ उठला होता 16 ऑक्टोबरला. आणि खबर कुणी दिली? बिल्किसुन्निसा नावाच्या आठ वर्षांच्या मुलीनं. तिला अडीचशे टाका मिळाले. (टाळ्या) थांबा, पुढचं ऐका. रहिमाच्या घरावर रात्रंदिवस पहारा बसला. दीड मैलाच्या परिसरात 18,150 जणांना लस टोचली. पाच मैलांपर्यंत घर, शाळा, वैदू, काही सोडलं नाही. रहिमा बरी झाली. देवीचा जो जीवघेणा प्रकार होता, त्याची निसर्गतः लागण झालेली ती जगातली शेवटची रोगी. एका पोरीच्या शब्दावर एवढी यंत्रणा धावली, यालाच मी मान म्हणतो.

तुम्ही म्हणाल, पैसे देऊन खबर विकत घेणं बरं का? चांगलंच बरं! त्या काळी रोगी दाखवला तर वरून बोलणी बसतील, या धास्तीनं कर्मचारी रोगी दडवत. बक्षिसानं ती धास्ती मोडली. देवी समजून कांजिण्यांच्या खबरा आल्या, त्याही तपासल्या गेल्या. चुकीची खबर देणाऱ्याला हाकललं असतं, तर खरी खबर घेऊन पुन्हा कोण आलं असतं?

वेळ संपत आल्याची अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पोलिओबद्दल एकच सांगतो. पंधरा वर्षांखालच्या लाख मुलांमागे वर्षाला निदान एक तरी, पोलिओ नसलेला, अचानक लुळेपणाचा रोगी नोंदला जायलाच हवा, असा निकष आहे. तेवढेही सापडत नसतील, तर तिथे नीट शोधलं जात नाही असं समजायचं. कोरी पाटी ही शाबासकीची गोष्ट नव्हे.

म्हणून मागणं एवढंच. उद्या तुमच्या गावातली आरोग्याचं काम करणारी आशाताई ताप-पुरळाच्या तीन मुलांची नोंद घेऊन आली, तर “आमच्याच गावाचं नाव का खराब करतेस?” असं तिला विचारू नका. ग्रामसभेत तिला पुढे बसवा. आणि इथे कुणी अधिकारी असतील, त्यांनी रोगी जास्त दिसले म्हणून तिला नोटीस धाडू नये. आधी त्या मुलांचे नमुने तपासणीला धाडावेत.