दवाखाना ठाण्याला, दुखणं टोकावड्याला



शहापूर-मुरबाडच्या या व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर माझा विषय 'मनोविकार, व्यसन आणि मेंदूची इजा : संशोधन काय सांगतं' असा छापला आहे. नाव वाचून निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतील असं मला वाटलं होतं. तुम्ही आलात, म्हणजे हे दुखणं कुणाला परकं नाही.

2015-16 साली बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यासाठी 12 राज्यं निवडली. त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्या राज्यांत असं आढळलं की दारूमुळे आजारी झालेल्या शंभरातल्या 86 जणांपर्यंत उपचार पोचलेलाच नाही. आपल्याकडे याहून बरं असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 पासून उभं आहे. पण टोकावड्याच्या माणसाने एसटीने कल्याण गाठायचं, तिथून लोकल पकडायची, केसपेपर काढून नंबर लावायचा आणि रात्री परत यायचं, यात त्याची एक रोजंदारी बुडते आणि सोबत आलेल्या बायकोची दुसरी. पुढच्या महिन्यात तो जात नाही. त्याला कुणी आळशी म्हणू नये.

मग उपचारच गावाजवळ आणता येईल का? मनोविकारतज्ज्ञ मोजके, ते खेडोपाडी पुरणार कसे? हा प्रश्न आपल्या शेजारी, गोव्यात, नीट तपासला गेला. विक्रम पटेल, अभिजित नाडकर्णी आणि त्यांच्या 'संगाथ' संस्थेतल्या सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा अभ्यास केला. तो 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

पद्धत सांगण्यासारखी आहे. केंद्रात खोकल्याला, अंगदुखीला म्हणून आलेल्या पुरुषाला दहा प्रश्न विचारायचे. किती वेळा पिता? एकदा बसलात की थांबता येतं का? सकाळी उठल्याउठल्या लागते का? घरच्यांनी कधी काळजीने टोकलं का? प्रत्येक उत्तराला गुण. 12 ते 19 गुण म्हणजे पिणं घातक होऊ लागलंय, पण माणूस पुरता अडकलेला नाही. अशा 377 जणांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, कुणाच्या मर्जीविना दोन गट पाडले. पहिल्या गटाला डॉक्टरांचे नेहमीचे उपचार मिळाले, फक्त डॉक्टरांना गुण आधी कळवलेले होते. दुसऱ्या गटाला त्याशिवाय एक समुपदेशक भेटला, फार तर चार वेळा. हा समुपदेशक ना डॉक्टर, ना मानसशास्त्राचा पदवीधर. तिथलीच भाषा बोलणारा, शिकवून तयार केलेला माणूस. आणि हे लोक आपापल्या बैठकांचं ध्वनिमुद्रण एकमेकांना ऐकवून एकमेकांना गुण देत. आम्हा डॉक्टरांना असं कुणी करायला लावलं तर किती जण तयार होतील, देव जाणे.

तीन महिन्यांनी पाहिलं. नेहमीच्या उपचारांच्या गटात शंभरातले 26 जण धोक्याबाहेर आले होते, समुपदेशकाच्या गटात 36. मागच्या पंधरवड्यात थेंबही न घेतलेले पहिल्या गटात 18 टक्के, दुसऱ्यात 42. फरक मोठा आहे. पण समुपदेशकाच्या गटातही शंभरातले 64 जण धोक्याबाहेर आलेच नव्हते, हेही लगेच सांगितलं पाहिजे. जे पीत राहिले त्यांचं रोजचं प्रमाणही घटलं नाही.

समोरच्या काही भगिनींच्या मनातला प्रश्न मला कळतो : मारहाण थांबली का? अभ्यासकांनी तेही विचारलं होतं. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. दारू सुटली की मारहाण आपोआप सुटते, हा समज या अभ्यासात तरी टिकला नाही. दारूचा उपचार दवाखान्यात होईल, मारहाणीसाठी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचाच आधार घ्यावा लागेल.

हाच अभ्यास उद्या खर्डीत किंवा धसईत करायचा म्हटला तर जसाच्या तसा उचलून चालणार नाही. किती पेग घेता, असं ज्याला विचारायचं तो मोहाची पितो, किंवा पिशवीतली गावठी. या घाण्याची कडक, पुढच्याची मिळमिळीत. मापच हलतं, मग गुण कसले देणार? दुसरी अडचण याहून मोठी. दिवाळी झाली की आमची कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. ऑक्टोबरात नाव नोंदवलं आणि जानेवारीत तपासायला गेलात, तर झोपडीला कुडाचं दार लावलेलं. तक्त्यात त्याच्या नावापुढे 'संपर्क तुटला' असं लिहिलं जातं. संपर्क त्याने तोडलेला नसतो, त्याच्या पोटापाण्याचं वेळापत्रक तुम्ही विचारलेलं नसतं. भट्टीवर जाऊन तपासणारा अभ्यास आखावा लागेल. तसा आखला तर आपले आकडे आपले होतील.

आता दवाखान्यात रोज घडणारी एक गोष्ट. वर्षानुवर्षं पिणारा माणूस कुणाच्या शपथेखातर एकदम सोडतो. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो. दोन-तीन दिवसांनी त्याला भिंतीवर किडे दिसतात, मेलेला भाऊ हाका मारतो, क्वचित फेफरं येतं. घरचे म्हणतात, बाहेरचं झालंय, आणि भगताकडे नेतात. हे बाहेरचं नसतं. रोजच्या दारूला सरावलेला मेंदू ती अचानक तुटल्याने बेफाम होतो. यात माणूस दगावू शकतो, आणि इस्पितळात वेळेवर नेलं तर बहुतेक वाचतो. म्हणून शपथ जरूर घ्या, पण डॉक्टरला सांगून.

भगताला मी शिव्या देणार नाही. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेडावर पिढ्यान् पिढ्या दिली जात होती. 1931 साली कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती वेडावर आणि रक्तदाबावर चालते असं लिहिलं. 1949 साली मुंबईच्या केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरचे आपले अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडले. पुढे तिच्यातलं रेसर्पिन हे द्रव्य जगभर मनोरुग्णांना दिलं गेलं. मग काहींना त्यातूनच खोल उदासी येते असं दिसलं, आणि नवी औषधं आल्यावर ते मागे पडलं. मुळी खरी होती. तिचा गुण आणि दोष दोन्ही तपासल्यावरच कळले.

मेंदूच्या इजेबद्दल तर आम्ही डॉक्टरच फसलो होतो. डोक्याला मार लागला की स्टिरॉइड द्यायचं, अशी कित्येक वर्षांची रीत होती. मग दहा हजार रुग्णांवर 'क्रॅश' नावाची चाचणी झाली, 2004 साली निकाल आला. स्टिरॉइड घेतलेल्यांतले 21 टक्के दोन आठवड्यांत गेले, न घेतलेल्यांतले 18 टक्के. ज्याला औषध म्हणत होतो ते माणसं मारत होतं. 2019 च्या तिसऱ्या 'क्रॅश' चाचणीत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव थांबवणारं स्वस्त इंजेक्शन तपासलं. इजा हलकी किंवा मध्यम असेल आणि ते तीन तासांच्या आत मिळालं, तर मृत्यू कमी होतात असं दिसलं. माळशेज घाटात किंवा कसाऱ्याच्या महामार्गावर पडलेल्या माणसाच्या बाबतीत हे तीन तास फार लवकर सरतात. 108 ला फोन करा. आणि तोंडाला वास येतो म्हणून 'पडू दे, उतरेल' असं म्हणून त्याला बाजूला झोपवू नका. दारू प्यालेल्याच्याही कवटीत रक्त साकळतं.

उद्या असा एखादा अभ्यास तुमच्या पाड्यावर आला, तर अंगठा उमटवण्याआधी संमतीचा कागद तुमच्या बोलीत मोठ्याने वाचून घ्या, आपल्या विश्वासाचा साक्षीदार शेजारी बसवा. नाही म्हणायचा हक्क तुमचा आहे, आणि नाही म्हटलं म्हणून तुमचा नेहमीचा उपचार कुणी बंद करू शकत नाही.

गोव्यासारखं काम आपल्या जवळही झालंय. कसारा घाटापलीकडे नाशिक जिल्ह्यात पेठ तालुका आहे, आपल्यासारखाच आदिवासी. तिथे पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने गावकऱ्यांनाच मानसिक आधार द्यायला तयार करून 'आत्मीयता' हा प्रकल्प चालवला. पुढे गुजरातेतल्या मेहसाणा जिल्ह्यात 645 गावांत तो तपासला गेला. पेठेत जमलं ते शहापुरात का जमू नये?

त्यासाठी कुणापुढे हात पसरायची गरज नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 18 सांगतं की मानसिक आजाराच्या माणसाला उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा त्याच्या घराजवळ मिळाली पाहिजे. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मनोविकारही या कायद्यात येतात. येत्या ग्रामसभेत या कलमाचा उल्लेख करून ठराव करा आणि त्याची एक प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवा. तोवर ज्यांना आज रात्रीच कुणाशी बोलायचं असेल त्यांच्यासाठी टेलिमानसचा क्रमांक 14416 आहे. फोन फुकट आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं.