हृदयरुग्ण ज्येष्ठांची घरची शुश्रूषा



बुलढाणा जिल्ह्यातील कितीतरी घरांत आज वृद्ध पती-पत्नी दोघेच राहतात; मुले पुण्या-मुंबईस. हृदय दुर्बळ झालेल्या ज्येष्ठाला रुग्णालयातून घरी आणले की त्याची शुश्रूषा बहुधा थकलेल्या सहचारिणीवरच येऊन पडते. तिच्या हाती निदान एक वजनकाटा असावा. रोज प्रातर्विधीनंतर, न्याहारीपूर्वी वजन करून दिनदर्शिकेवर टिपावे. तीन दिवसांत २ किलोंहून अधिक वाढले, तर ते अंगी लागलेले अन्न नव्हे, साठलेले पाणी होय. घोट्यांवर सूज येते, रात्री एकीऐवजी दोन उशा लागतात. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते. ज्वारीची भाकरी निर्दोष. मीठ शिरते ते ठेचा, लोणचे, पापडांतून. मात्र अळणी ताट एकट्यालाच वाढले, तर रुग्णाला ती शिक्षा वाटते. पथ्य दोघांनी मिळून पाळावे. शेगावला दर्शनास जायचे, एस.टी.त अडचण नको, म्हणून लघवीची गोळी परस्पर चुकवणारेही पुष्कळ!

संग्रामपूर, जळगाव जामोदच्या सातपुड्यालगतच्या गावांत छातीत कळ आली की पहिला दूरध्वनी पुण्याच्या मुलाला जातो. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. पहिला दूरध्वनी तिला करावा, मुलाला नंतर.